मोगलीसाठी कोण बोललं?

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या आमच्या घरातला टीव्ही शटरचा होता. लाकडी खोक्यातला, काळापांढरा. रविवारी सकाळी मोठे मामा त्याचं शटर सरकवायचे आणि कुणीतरी एकाने माडीवर चढून अँटेना फिरवायची.

"आलं का?"

"नाई, मुंग्याच हायेत अजून."

"आता?"

"बस, बस! हलवू नोको आता!"

या आरडाओरड्यातच बऱ्याचदा 'जंगल बुक'चं, लांडग्यांत वाढलेल्या मोगलीच्या त्या मालिकेचं, सुरुवातीचं गाणं निघून जायचं. गुलजारांनी लिहिलेलं आणि विशाल भारद्वाजांनी चाल लावलेलं ते गाणं मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं ते फार उशिरा, नागपूरला आल्यावर. पण चड्डी घालून उमललेलं एक फूल, एवढं त्यातलं तेव्हाही कळायचं. आमच्या पडद्यावर ती चड्डी राखाडी होती. भालूही राखाडी, लांडगे राखाडी, सगळं जंगल राखाडी. बगीरा हा काळा बिबट्या तेवढा जसा असायला हवा तसा, काळाकुळकुळीत दिसायचा.

साल १९९३. मी आठ वर्षांची होते. आणि त्या घरात मी नवीन होते.

आई गेली ती होळीच्या थोडी आधी. बाबांची नोकरी फिरतीची, महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. तेरवी झाली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आजोळच्या ओसरीवर सगळे मोठे बसले. विषय होता, पोरगी राहील कुणाकडे. मला कुणी आत जा म्हणून सांगितलं नव्हतं, पण आपण तिथं थांबू नये हे आपोआप कळतं. मी माजघराच्या दाराआड कोठीला टेकून बसले. कोठीला नव्या धानाचा वास येत होता. त्या वासाने आजही माझ्या पोटात काहीतरी हलतं.

कुणी वाईट नव्हतं, हे मला आधी सांगायला हवं. आत्याच्या घरी दोन खोल्यांत सहा माणसं होती. काका म्हणाले, वसतिगृहात टाकू, शिक्षण तरी धड होईल. मोठ्या मामांची चार मुलं. "पोरीची जात हाये, उद्या काही कमीजास्त झालं तर" असं कुणीतरी म्हणालं आणि वाक्य तसंच सोडून दिलं. बाबा खाली मान घालून चटईची काडी सोलत बसले होते. प्रत्येकाकडे कारण होतं आणि प्रत्येकाचं कारण खरं होतं. मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही. ती शांतता मला अजून ऐकू येते.

तेव्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यातून धाकटी मामी बोलली. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. अजून मूलबाळ नव्हतं. थोरल्यांसमोर ती कधी बोलत नसे, पदर डोक्यावरून खाली येऊ देत नसे. ती म्हणाली, "राहू द्या तिले माह्यापाशी. माह्या ताटात जेवंल, माह्याजवळ निजंल."

आजी म्हणाली, "बाई, आज म्हनशील. उद्या तुले लेकरू झालं मंग?"

मामी काही बोलणार तेवढ्यात पायरीवरून आवाज आला. आमच्याकडे रतीब घालणारे दुधवाले बुवा दुधाची चरवी घेऊन केव्हाचे उभे होते. घरात बैठक चाललेली पाहून त्यांनी हाक मारली नव्हती. नात्याचे नाहीत, जातीचे नाहीत, बैठकीत बोलायचा त्यांना काही अधिकार नाही. ते म्हणाले, "मी मंधात बोलतो, राग नोका मानू. पावशेर दूध लेकराचं म्हनून मी रोज टाकीन. त्याचा हिसाब नोका धरू."

बस्स, एवढंच. पावशेर दूध. त्या काळी त्याची किंमत फार नव्हती, पण दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या माणसासाठी ती नव्हती असंही नाही. मोठे मामा उठले, म्हणाले, "ठीक हाये, राहील इथंच." आणि विषय संपला.

त्या रात्री मी मामीच्या अंथरुणात झोपले. तिच्या हाताला चुलीच्या धुराचा आणि हळदीचा वास होता. मी सरकत सरकत तिच्या पाठीला जाऊन चिकटले, आणि तिने झोपेतच पांघरुणाचं टोक माझ्या अंगावरून ओढून घेतलं.

मोगली माझ्या आयुष्यात आला तो याच वर्षी. म्हणून तो मला जसा दिसला तसा माझ्या मामेभावंडांना दिसला नसणार. त्यांना त्याचं ते बूमरँग हवं होतं. त्यांनी फळ्या कापून तशी पाचसहा केली, नदीच्या वाळूत जाऊन फेकली आणि एकही परत आलं नाही. त्यांना शेरखान आवडायचा, कारण शेरखानचा आवाज नाना पाटेकरांचा होता. तो आवाज काढून एकमेकांच्या अंगावर धावून जाणं हा आमच्या वाड्यातला त्या उन्हाळ्याचा मुख्य खेळ होता. मुरुड-जंजिऱ्यात जन्मलेल्या माणसाने सातपुड्याच्या वाघाला आवाज द्यावा आणि आम्ही झाडीपट्टीतल्या पोरांनी तो घसा खरवडून काढावा, याचं मला आता फार प्रेम वाटतं.

मी मात्र एकच गोष्ट बघत होते. या मुलाला त्या घरात कुणी परकं म्हणतं का? मी वाट बघायचे. आता म्हणतील. आता कुणीतरी म्हणेल, तू आमच्यातला नाहीस. म्हणायचेही अधूनमधून. शेरखान तर म्हणायचाच, त्याचं सगळं म्हणणंच ते होतं. माणसाचं पिल्लू आहे, माझ्या हवाली करा. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी मध्ये उभं राहायचं. कधी भालू, कधी बगीरा, कधी लांडगेच. मग मी पोटभर श्वास घ्यायचे.

मामी उंबऱ्यात बसून सुपातले तांदूळ निवडत टीव्ही बघायची. हिंदी तिला सगळी कळत होती. वाघ, अजगर, अस्वल यांच्याकडे तिचं फारसं लक्ष नसे. लांडगीण दिसली की मात्र तिचे हात थांबायचे. एकदा ती म्हणाली, "हे खरं हाये बरं. लांडगा आपल्या पिलाईले पोटातलं काढून देते."

मला वाटलं, ही गोष्टीतलं बोलते आहे. पण मामीचं माहेर साकोलीकडचं, नागझिऱ्याच्या जंगलाला लागून. तिच्या वडिलांकडे बकऱ्या होत्या आणि लांडगा तिने जवळून पाहिलेला होता. तिने सांगितलेलं शब्दशः खरं आहे हे मी पुढे वाचलं. लांडगे शिकार करून येतात, पिल्लं त्यांच्या तोंडाला तोंड लावून मागतात आणि लांडगे पोटातलं अन्न ओकून पिल्लांना भरवतात. फक्त आईबापच नाही. कळपातले इतर लांडगे, ज्यांची ती पिल्लं नाहीत, तेही हे करतात. आई शिकारीला गेली तर कुणीतरी बिळापाशी राखण करतं. कळप म्हणजे बहुतेक वेळा एक मोठं कुटुंबच असतं.

आणि आपल्या भाषेत हा प्राणी कसा राहतो बघा. लांडगा आला रे आला. लांडगेतोड. लांडग्यासारखा टपून बसलाय. मराठीत लांडग्याबद्दल चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही. बकऱ्यामेंढ्यांवर ज्याचं पोट आहे त्याने तसं म्हणावं, त्याचा तो हक्क आहे. पण शाळेच्या पुस्तकात लबाड नाहीतर क्रूर म्हणून भेटणारा हा प्राणी रविवारच्या सकाळी आई होऊन आला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या, मला न जन्म दिलेल्या बाईने "हे खरं हाये" म्हणून त्यावर सही केली. त्यानंतर कुणाबद्दलही "त्यांची जातच तशी" हे वाक्य ऐकलं की मला ते खोटं वाटायला लागलं. आठव्या वर्षी माझ्याकडे त्यासाठी शब्द नव्हते. एक लांडगीण होती, तेवढी पुरली.

मोगली आमच्या घाटापर्यंत कुठून कुठून आला हे कळलं तेव्हा मी थक्क झाले होते. ती मालिका जपानची. निप्पॉन ॲनिमेशनने १९८९ मध्ये केलेली, ५२ भागांची. तिथल्या चित्रकारांनी काढलेलं जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचं. मूळ गोष्टी रुडयार्ड किपलिंगच्या. त्याने त्या लिहिल्या अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या बर्फात, पुस्तक निघालं १८९४ मध्ये, आणि तो स्वतः जन्मला मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात, कारण त्याचे वडील तिथे शिकवत होते. त्या गोष्टींतली नदी वैनगंगा. आमची वैनगंगा! पवनीच्या वैजेश्वर घाटावर आम्ही जिच्यात पाय सोडून बसायचो, जिच्या वाळूत उन्हाळ्यात डांगराच्या वाड्या लागायच्या, तीच. लहानपणी हे कुणी सांगितलं असतं तर मी घाटावरून हललेच नसते.

नागपूरला कॉलेजात असताना ग्रंथालयात मूळ पुस्तक हाती आलं. मी ते उभ्या उभ्या उघडलं आणि तिसऱ्याचौथ्या पानानंतर खाली, दोन मांडण्यांच्या मध्ये फरशीवर बसले.

कारण तिथे ओसरी होती.

लांडग्यांची पंचायत भरलेली आहे. चांदणी रात्र, मोठा खडक, वर कळपाचा म्होरक्या अकेला पडून आहे. नवीन पिल्लं मधोमध आणली जातात, सगळ्यांनी नीट बघून घ्यायची, म्हणजे पुढे कुणी ओळखलं नाही असं म्हणायला नको. लांडगा बाप माणसाच्या पोराला मध्ये ढकलतो. पोर चांदण्यात चमकणाऱ्या गारगोट्यांशी खेळत बसतं, आपल्या जिवाचा सौदा चाललाय हे त्याच्या गावीही नाही. खडकामागून शेरखानचा आवाज येतो, पोर माझं आहे, मला द्या. आणि मग जंगलाचा कायदा सांगितला जातो. एखाद्या पिल्लाला कळपात घ्यायचं की नाही यावर वाद झाला, तर त्याच्या आईबापांखेरीज किमान दोघांनी त्याच्या वतीने बोललं पाहिजे.

अकेला विचारतो, या पिल्लासाठी कोण बोलतं?

कुणी बोलत नाही. लांडगीण आई समजते की आता आपल्याला मरेपर्यंत लढावं लागणार.

तेव्हा भालू उठतो. तो लांडगा नाही, पिल्लांना कायदा शिकवतो म्हणून त्याला पंचायतीत बसू देतात, एवढंच. तो म्हणतो, मी बोलतो. झाला एक. दुसरा हवा. आणि अंधारातून बगीरा खाली उतरतो. त्याला त्या सभेत बोलायचा काहीच अधिकार नाही, आणि तो तसं म्हणूनच सुरुवात करतो. मग म्हणतो, कायद्यात असंही आहे की पिल्लाचा जीव मोल देऊन विकत घेता येतो. कुणी द्यायचं हे कायदा सांगत नाही. इथून अर्ध्या मैलावर मी मारलेला एक पुष्ट बैल पडला आहे. तो घ्या आणि याला ठेवा.

मी पुस्तक मिटून किती वेळ तशीच बसले होते मला माहीत नाही. पायरीवर उभे बुवा, हातातली चरवी, "मी मंधात बोलतो, राग नोका मानू". मला तोपर्यंत वाटत होतं की ती आमच्या घरातली, आमच्यापुरती गोष्ट आहे.

पुढे एक बारीकशी ओळ आहे. बैलाच्या मोबदल्यात मोगलीचा जीव राहिला, म्हणून त्याने जन्मभर कुठलंही गुरं मारायचं नाही, खायचं नाही. बगीरा त्याला हे बजावून सांगतो आणि मोगली ते पाळतो. किंमत कुणी दुसऱ्याने चुकती केली होती, पण आठवण मोगलीने ठेवायची. बुवांनी मला दूध दिलं ते मी दहावी होईपर्यंत. मधे एक म्हैस भाकड गेली आणि दुसरी आजारी पडली, तेव्हा ते दुसऱ्याकडून आणून द्यायचे. आमचं माप आधी घालायचे, मग त्या वरचं पावशेर वेगळं, माझ्या पितळी फुलपात्रात. कधी मिसळलं नाही. एक दिवस मामी म्हणाली, एकातच टाका ना जी, तर म्हणाले, "नाई बाई, हे लेकराचं हाये." आज माझ्या गॅसवर दूध असलं की मी स्वयंपाकघरातून हलत नाही. फोन वाजो, दार वाजो. माझ्या हातून दूध उतू गेलेलं माझ्या मुलांनी पाहिलेलं नाही.

किपलिंगबद्दल दोन शब्द लिहायला हवेत. हा माणूस इंग्रजी साम्राज्याचा कवी. आपल्या लोकांवर गोऱ्यांनी राज्य करावं हे त्याला ईश्वरी काम वाटायचं, आणि ते मला कधीच पटणार नाही. पण त्याच्या लहानपणाबद्दल वाचलं आणि मोगली कुठून आला असेल याचा मला उलगडा झाल्यासारखं वाटलं. १८७१ मध्ये, सहा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, आईवडिलांनी त्याला आणि तीन वर्षांच्या बहिणीला मुंबईहून इंग्लंडला नेलं आणि साऊथसी नावाच्या गावात पैसे घेऊन मुलं ठेवून घेणाऱ्या एका अनोळखी कुटुंबात सोडलं. का सोडतोय हे सांगितलंसुद्धा नाही. हिंदुस्थानातले इंग्रज तेव्हा आपली मुलं अशी सर्रास पाठवायचे. त्या घरातल्या बाईने त्याला मारलं, खोटारडा म्हणून हिणवलं, आणि हे जवळजवळ सहा वर्षं चाललं. दर डिसेंबरात तो महिनाभर मावशीच्या प्रेमळ घरी जायचा. तिथेही त्याने कधी चकार शब्द काढला नाही. का सांगितलं नाहीस, असं मावशीने पुढे अनेकदा विचारलं. त्याने म्हातारपणी लिहून ठेवलंय की मुलं जनावरांइतकीच मुकी असतात, जे वाट्याला येतं ते कायमचंच आहे असं धरून चालतात.

मुंबईत आयांच्या आणि नोकरांच्या कडेवर वाढलेलं, त्यांचीच भाषा बोलणारं ते पोर, परक्या घरात, आणि त्याच्यासाठी बोलणारं कुणी नाही. त्याच माणसाने पुढे एक पंचायत लिहिली जिथे कायदाच विचारतो, याच्यासाठी कोण बोलतं? आणि अस्वल उठतं. माझा हा तर्क आहे, पण मला तो सोडवत नाही.

मी शिक्षिका आहे. नागपुरात, १४ वर्षं झाली. आता जे सांगते ते सांगणं सोपं नाही.

तेव्हा मी नोकरीत नवीन होते. दिवाळीनंतर एक बाई सातआठ वर्षांच्या मुलीला घेऊन शाळेत आली. छत्तीसगडकडची, बांधकामावर काम करणारी. मुलीकडे टीसी नाही, जन्माचा दाखला नाही. आम्ही पाचसहा जणी स्टाफरूममध्ये होतो. वर्ग भरलेत, वर्षाच्या मध्यात कशाला, दोन महिन्यांत साइट बदलली की जातीलच या. प्रत्येकीचं कारण खरं होतं. मी वह्या तपासत होते. शिक्षण हक्क कायदा मला पाठ होता, २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. टीसी नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वयाचा दाखला नाही म्हणूनही नाकारता येत नाही. नुकतीच परीक्षा दिली होती मी त्यावर. मी मान वर केली नाही. परवा नोकरीला लागलेली मी, सगळ्यांच्या समोर काय बोलणार, असं मनाशी म्हटलं. ती मुलगी दाराच्या चौकटीवरचा रंग नखाने खरवडत उभी होती. मग तिची आई तिला घेऊन गेली.

बाबा चटईची काडी सोलत होते ना, तशी मी लाल पेनाने वह्यांवर बरोबरच्या खुणा करत राहिले. त्या वह्या मी नंतर पुन्हा तपासल्या. तीन ठिकाणी चुकीच्या उत्तरांना बरोबर दिलं होतं.

पुढे दोन वर्षांनी तसंच झालं. या वेळी मुलगा होता, दहा वर्षांचा, अक्षर चांगलं होतं त्याचं. तीच कारणं, त्याच क्रमाने. मी उठून उभी राहिले. आवाज कापत होता. म्हटलं, माझ्या वर्गात घेते मी त्याला, बाकाचं मी बघते, आणि कायद्याने आपल्याला नाही म्हणता येत नाही. कुणी काही बोललं नाही. पुन्हा तीच शांतता, ओसरीवरची. मला त्या क्षणी कळलं की पुस्तकात दोघं का लागतात. एकटा माणूस बोलला की ते त्याचं वेड ठरतं. सगळे त्याच्याकडे बघतात आणि पोराकडे कुणी बघत नाही. दुसरा बोलला की मग ते म्हणणं होतं.

आमचे लिपिक काका कपाटापाशी उभे होते. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. स्टाफच्या बोलण्यात ते कधी पडत नसत. त्यांनी जनरल रजिस्टर काढलं, टेबलावर ठेवलं, चष्मा लावला आणि मुलाला विचारलं, "बेटा, पूर्ण नाव सांग." मग आमच्याकडे न बघताच म्हणाले, "टीसी मागून मागवता येते."

तो मुलगा आमच्याकडे दीड वर्ष होता. मग खरंच साइट बदलली आणि ते गेले. जाताना टीसी मात्र घेऊन गेला. ती पहिली मुलगी कुठे गेली, शाळेत गेली की नाही, मला माहीत नाही.

गेल्या थंडीत मी मामीला सिवनीकडे घेऊन गेले. मामी आता साठीकडे झुकली आहे. मामा गेले. तिला स्वतःचा मुलगा झाला तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आणि आजीच्या त्या प्रश्नाचं उत्तर तिने कधी शब्दांत दिलं नाही. आम्ही तिघं एका अंथरुणात झोपायला लागलो, एवढंच.

नागपूरहून निघालं की मनसरनंतर पेंचच्या जंगलातून हमरस्ता जातो. तिथे रस्ता जागोजागी खांबांवर उचललेला आहे, खालून जनावरांना जाता यावं म्हणून. महाराष्ट्राच्या बाजूला असे नऊ पूल आहेत, त्यातला सगळ्यात लांब ७५० मीटरचा. त्यासाठी काही माणसं वर्षानुवर्षं कोर्टात भांडली. मी मामीला सांगितलं, आपण वरून चाललोय आणि खालून वाघ जातात, हरणं जातात. तिने काच खाली केली आणि पूल संपेपर्यंत बाहेर बघत राहिली.

आम्ही मुंडाऱ्याला गेलो. सिवनीच्या अलीकडे, वैनगंगा उगम पावते ते गाव. इथून ती आधी उत्तरेला जाते, मोठा वळसा घेते आणि मग खाली आपल्या भंडाऱ्याकडे, पवनीकडे येते. उगमाला एवढंसं पाणी. मामीने त्यात हात बुडवला, डोळ्यांना लावला. "हेच येते का आपल्या घाटावर?"

"हेच येतं, पण फिरून येतं."

दगडावर बसून आम्ही डबा उघडला. भाकरी, आलूवांग्याची भाजी, लाल मिरचीचा ठेचा. मी तिला पहिल्यांदाच सगळं सांगितलं. ही तीच नदी, मोगलीची, रविवारी बघायचो ना आपण. ती हसली. "तो चड्डीवाला पोरगा?" मग घास हातात धरून थोडा वेळ गप्प राहिली.

"मंग त्या लांडगिनीचं काय झालं गं? शेवटी?"

दुसऱ्या पुस्तकात ते आहे. लांडगीण आणि लांडगा म्हातारे होऊन मरतात. मोगली एक मोठी शिळा लोटत आणून त्यांच्या गुहेचं तोंड बंद करतो आणि त्यांच्यासाठी मरणगीत गातो. एकाच वाक्यात येऊन जातं ते.

मी मामीकडे पाहिलं. तिच्या हातावरच्या शिरा वर आल्या होत्या आणि बोटांना ठेच्याचं तेल लागलं होतं.

"म्हातारी झाली ती," मी म्हटलं. "मोगली जवळ होता तिच्या."

"हो ना," मामी म्हणाली, आणि उरलेली अर्धी भाकरी मोडून तिने माझ्या ताटात टाकली.